घन पदार्थांचा विश्वासघात

या जगात डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे घन पदार्थ!

माणसं पाघळतात. संपादक वितळतात. सरकारं तर बघता बघता वाफ होऊन जातात. पण दगड घ्या. काल जिथं ठेवला तिथंच तो आज असतो, आणि त्याबद्दल भाषणही करत नाही. उभा जन्म वर्तमानपत्रात लोकांची टवाळी करून पोट भरल्यावर मी काढलेला हा निष्कर्ष एका संध्याकाळी मी बायकोला ऐकवला. ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पुस्तकांच्या कपाटावरून घन पदार्थ ठिबकत होता.

मला खरं तर आज काही लोकांचे आभार मानायचे आहेत. पण आभार मानायचा मला सराव नाही. मी कोणाचं कौतुक केलं की तो माणूस वकिलाकडे जायचा. तेव्हा सरळ काय घडलं तेच सांगतो, म्हणजे आभार कुठे कुठे मानायला हवेत ते तुम्हालाच कळेल.

गोष्ट बायकोच्या नाकाची आहे.

गेल्या थंडीत तिला सर्दी झाली, ताप आला. ताप गेला, सर्दी गेली आणि जाता जाता वासही घेऊन गेली. सुरुवातीला आम्ही हसलो. मी म्हटलं, "चला, माझे मोजे आता मोकळे फिरतील!" ती म्हणाली, "फिरू द्या, पण हॉलमध्ये नको." मग एकदा शेजारी उभी असताना तिच्या नाकाखाली दूध करपलं, आणि ती शांतपणे खिडकीबाहेर बघत राहिली. तरी आम्ही हसत होतो.

मग मुलगी बाळाला घेऊन आली. हिने नातीला उचललं, तिच्या टाळूला नाक लावलं, एक मोठा श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि तिला मुलीकडे परत दिलं. रात्री जेवताना म्हणाली, "हिला वासच नाही हो. घर फोटोत असावं तसं झालंय. दिसतं सगळं. आहे काहीच नाही."

त्यानंतर मी मोज्यांवर विनोद केला नाही.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी चार छोट्या बाटल्या दिल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली हुंगायची आणि तो वास पूर्वी कसा होता ते आठवायचं. "नाक पुन्हा शिकतं," डॉक्टर म्हणाले, "पण सावकाश. ढ मुलासारखं. शिकवणी मात्र सोडायची नाही. सोडलीत तर..." आणि त्यांनी खांदे उडवले.

बायकोने नेमाने शिकवणी घेतली. महिने गेले. नाक ढिम्म! मग संध्याकाळची शिकवणी चुकू लागली. मग सकाळची. "रिकाम्या बाटल्या हुंगतेय असं वाटतं," ती म्हणाली, आणि एके दिवशी त्या चारही बाटल्या तिने फडताळात वरच्या कप्प्यात, पाहुण्यांच्या बशांच्या मागे ठेवलेल्या मला दिसल्या. पाहुण्यांच्या बशांच्या मागे जे जातं ते आमच्या घरात परत येत नाही.

तेव्हा मी ठरवलं, आता सूत्रं आपणच हातात घ्यायची.

माझा सिद्धांत साधा होता. बाटली समोर धरली की नाक सावध होतं. सावध नाक म्हणजे पत्रकार परिषदेतला मंत्री. काही कबूल करत नाही! त्याला बेसावध गाठलं पाहिजे. घरात ठिकठिकाणी जबरदस्त वासाच्या पुड्या लपवायच्या. ही उशी झटकायला जाईल, छत्री उघडेल, आणि अचानक नाक दचकून उठेल. आहे काय नि नाही काय!

औषधांच्या दुकानात जाऊन मी सर्वात दांडगे वास मागितले. दुकानदाराने कपड्यांत ठेवायच्या कापराच्या वड्या दिल्या आणि मेंथॉलचे खडे दिले. हे खडे म्हणजे पुदिन्याच्या अर्काच्या लांब काचेरी सुया. एक हुंगली की मेंदूला खिडकी पडते.

"काका, दोन्ही वेगवेगळं ठेवा हं," दुकानदार म्हणाला.

"का बरं?"

पण तेवढ्यात त्याला फोन आला, आणि मी समजलो की एकाचा वास दुसऱ्याला लागेल म्हणून म्हणत असेल. मला तर तेच हवं होतं! एकट्या कापराने नाक दचकलं नाही तर मेंथॉलने दचकावं. मी प्रत्येक पुडीत दोघांची जोडी लावली. जोडी विजोड दिसू नये म्हणून चांगली ठेचून, एकजीव करून लावली. एक पुडी पुस्तकांच्या कपाटावर, एक पडद्याच्या दुमडीत, एक छत्रीत, एक शिवणयंत्राच्या खणात आणि सगळ्यात मोठी बायकोच्या उशीच्या अभ्र्यात. मला थोडासा वास आला, नाही असं नाही. पण लेखकाला स्वतःच्या लेखाचा येतो तितपतच.

आणि त्याच संध्याकाळी, विजयाच्या धुंदीत, मी तो घन पदार्थांविषयीचा सिद्धांत मांडला.

सकाळी उठून बघतो तर कपाटावरून थेंब थेंब काहीतरी गळतंय. पुडी उघडली. कागद तेलकट, आत काही नाही! पडद्यातली पुडी उघडली. तीच गत, वर पडद्यावर एक मोठा ओला डाग. छत्री उघडली तर पाऊस आतून माझ्यावरच पडला. कापूर गायब, मेंथॉल गायब, सगळीकडे ओल!

आता तुम्ही म्हणाल, वितळलं असेल. अहो, पण दिवस स्वेटर घालून बसायचे होते! आणि दोन्ही पदार्थ मी स्वतः ठणठणीत बघितलेले. ठणठणीत माणसं रात्रीत जातात हे ऐकून होतो, पण कापूर? तेव्हा मी तर्कशुद्ध विचार केला. पहिला निष्कर्ष: पुड्या बायकोला सापडल्या आणि तिने माल फेकून दिला. दुसरा निष्कर्ष: घरात कुठेतरी पाइप फुटलाय. पहिला निष्कर्ष तिला विचारायची हिंमत नव्हती. म्हणून मी दुसऱ्यासाठी प्लंबरला बोलावलं.

प्लंबर आला. कपाटाकडे बघून म्हणाला, "काका, ओल आहे."

"ते मलाही दिसतंय."

"वरून येतेय."

"वर वकील राहतात."

"मग वकिलांची ओल आहे."

मला हे मनापासून पटलं. वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांचं आणि माझं जुनं आहे. आम्ही एकत्र आलो की वितळत नाही, उकळतो. पण प्लंबर पुढे म्हणाला, "आधी तुमच्या बाजूचं तपासू," आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्याने कपाटामागच्या न्हाणीघराच्या भिंतीच्या दोन फरश्या उखडल्या! आत भिंत कोरडी ठाक. त्याने खात्रीसाठी कपाटावरच्या ओलीत बोटं फिरवली. कपाटाचं पॉलिश बोटाबरोबर निघून आलं. माझ्याच लेखसंग्रहाच्या शिल्लक प्रती तिथं होत्या, त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. इतकं चिकटून ते पुस्तक आजवर कोणी धरलं नव्हतं.

"हे पाणी नाही, काका," प्लंबर गंभीरपणे म्हणाला, आणि त्याच हाताने त्याने कपाळावरचा घाम पुसला. जरा डोळ्यांपर्यंत.

त्यानंतर त्याने जो आवाज काढला तो मी कुठल्याही संमेलनात ऐकला नाही.

आणि नेमक्या त्याच क्षणी आतून बायको ओरडली, "अहो! इकडे या! माझ्या नाकात काहीतरी जातंय!"

मी धावलो. ती पलंगावर उठून बसली होती, उशी हातात, डोळे मोठे झालेले. "काहीतरी आहे हो! नाकात काहीतरी येतंय!"

काय सांगू तुम्हाला! मी परत बाहेर धावलो आणि आंधळेपणाने चाचपडणाऱ्या प्लंबरला मिठी मारली. मग थोरल्या मेहुणीला फोन लावला. बायकोची ही बहीण जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली आहे. तिला आम्ही दोघंही ताई म्हणतो आणि दोघंही घाबरतो.

"ताई! नाक आलं!"

"कुठून?"

"परत आलं! हिचं! माझ्या उपायाने!"

"कसला वास येतोय तिला?"

मी आत विचारून आलो. "गार येतोय म्हणते."

"गार हा वास नाही," ताई म्हणाली. "काय केलंत तुम्ही? आलेच मी." आणि फोन ठेवला.

मला वाटलं, जळतात लोक दुसऱ्याच्या यशावर.

तोवर जिन्यात धावपळ सुरू झाली होती. प्लंबरची आरोळी आणि आमच्या दाराखालून निघालेला वास, दोन्ही एकदम वरच्या मजल्यावर पोचले होते. वकीलसाहेब जिन्याच्या कठड्यावरून ओरडत होते, "गॅस! गॅस गळतोय! एक माणूस गेला आत!"

"गेला नाही, डोळे धुतोय!" मी ओरडलो.

"डोळे गेले त्याचे! ऐकलंत? खाली चला सगळे!"

बघता बघता अख्खी इमारत रस्त्यावर. कोणी टॉवेलात, कोणी तोंडात दातांचा ब्रश घेऊन, तळमजल्यावरच्या शिंप्याच्या गळ्यात मापाची पट्टी आणि हातात कोणाची तरी अर्धी बाही. मी गॅस नाही म्हणून सांगायला वर-खाली तीनदा जिने चढलो-उतरलो. कोणी ऐकेना. खालच्या आजीला उचलून आणलं, मग तिची खुर्ची आणली, मग ती म्हणाली चष्मा वर राहिला, तो आणला. बायकोला समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं. ती पुन्हा पुन्हा श्वास घेऊन बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी काहीतरी उजळलं होतं. त्या चेहऱ्यासाठी मी आणखी दहा इमारती रिकाम्या केल्या असत्या.

मग ताई आली. तिच्यासमोर रसायनंसुद्धा उभी राहून बोलतात.

"काय ठेवलंत घरात?" तिने सगळ्यांदेखत विचारलं.

मी हळू आवाजात सांगितलं, उखडलेल्या फरश्यांसकट. कापूर. मेंथॉल. पुड्या.

"एकत्र?"

"...जोडीने."

ताईने कपाळावर हात मारला. "आणि म्हणून भिंत फोडलीत!"

"घन पदार्थ होते हो दोन्ही!" मी म्हणालो. "थंडीचे दिवस आहेत!"

"उरलेत का काही?"

एका खिशात थोड्या वड्या उरल्या होत्या, दुसऱ्यात थोडे खडे. ताईने शेजारणीकडून डब्याचं झाकण आणि चमचा मागून घेतला, त्यात कापराची एक वडी आणि मेंथॉलचा एक खडा टाकला आणि चमच्याच्या पाठीने रगडायला लागली. सगळी इमारत वाकून बघत होती. आधी कोरडा चुरा. मग ओलसर गोळा. मग चमचा घसरायला लागला, आणि झाकणात चक्क पाणी झालं! बाई गं, असं कोणीतरी म्हणालं.

"पुरावा नोंदवून घ्या!" वकीलसाहेब म्हणाले. "साक्षीदार हजर आहेत!"

"यात गुन्हा नाही, वकीलसाहेब," ताई म्हणाली, आणि तिचा वर्ग भरला. "एकटा कापूर उकळत्या पाण्यातसुद्धा वितळत नाही. एकटं मेंथॉल गरम चहाच्या कपाला टेकवलं तर वितळेल. पण दोघं मिसळले की एकमेकांची घडी मोडतात. घट्ट राहायला प्रत्येकाला आपापल्या जातीचे कण ओळीत लागतात, मध्ये परका घुसला की ओळ जमत नाही. मग दोघंही कितीतरी कमी उष्णतेला पातळ होतात. बर्फावर मीठ टाकलं की तो वितळतो, ते याचंच भावंड. शिसं आणि कथील मिसळलं की दोघांपेक्षा लवकर वितळतं. तुम्ही डाख देता ना नळांना?"

प्लंबर लाल डोळ्यांनी म्हणाला, "आम्ही आता प्लास्टिकचे पाइप चिकटवतो, ताई."

ताईने तरी वर्ग सोडला नाही. "आणि हेच मिश्रण खूप थंड केलं, तर सगळं एकदम गोठत नाही. जो ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त असेल तो आधी वेगळा होऊन सुया धरतो. बाकीचं पातळच राहतं. शेवटी ठरलेल्या प्रमाणाला आलं की मगच उरलेलं एकदम गोठतं."

"म्हणजे जो जास्त असतो तो आधी कोपऱ्यात जाऊन ताठतो," शिंपी म्हणाला आणि त्याने वकिलांकडे बघितलं.

सगळे हसले. वकीलसाहेबसुद्धा थोडे हसले. भीती उतरली की माणसं फार छान हसतात. मलाही हसू येत होतं. पण बायको हसत नव्हती.

"ताई," ती पायरीवरून म्हणाली, "पण मला वास आला ना?"

ताईचा आवाज एकदम बदलला. वर्गातला होता, घरातला झाला. "नाही गं, बाळा. मेंथॉलचा गारवा वेगळीच नस सांगते. ती वास सांगणारी नव्हे. या प्लंबरच्या डोळ्यांना पण गार झोंबलं, म्हणून डोळ्यांना वास आला का?"

प्लंबरने मान हलवली. त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं.

"म्हणजे काहीच आलं नाही," बायको म्हणाली. शांतपणे. दूध करपलं तेव्हा उभी होती तशीच. "जाऊ दे. उद्या त्या बाटल्यापण टाकून देते. फडताळ तरी मोकळं होईल."

डॉक्टरांचे उडालेले खांदे माझ्या डोळ्यांसमोर आले. टूथब्रशवाल्याने ब्रश तोंडातून काढला. मी जाऊन तिच्या शेजारी पायरीवर बसलो. आणखी जवळ सरकलो.

ती लांब सरकली.

मी पुन्हा सरकलो. ती पुन्हा लांब.

"अगं, चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलं ते आहेच. पण जरा लांब बसा."

"एवढी चिडलीस?"

"चिडले नाही हो. घामट वास मारतोय तुमच्या अंगाला."

"मारणारच. तीनदा जिने..." आणि मी थांबलो.

तीही थांबली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिने सावकाश, अगदी चोरून, पुन्हा एकदा श्वास घेतला.

"ताई!" मी ओरडलो.

"कोणी हलू नका!" ताई ओरडली. "तुम्ही तर मुळीच हलू नका! हे असं मान्य नाही करता येत. त्यांना घाम आलेला तिला दिसतोय. मनाचे खेळ असतील. चाचणी घ्यावी लागेल."

आणि भर रस्त्यात चाचणी झाली! बायकोच्या डोळ्यांवर शिंप्याने कापडाची पट्टी बांधली, घट्ट, मापात. वाऱ्याची दिशा ताईने बोट ओलं करून ठरवली. ओळीत तीन पुरुष उभे करायचे होते. प्लंबर तयार झाला. मी होतोच. तिसरा मिळेना.

"वकीलसाहेब, या," ताई म्हणाली.

"माझी हरकत आहे! परस्त्रीने हुंगावं हे..."

"खांद्यापाशी. हातभर अंतरावरून."

त्यांच्या बायकोने त्यांना मागून ढकललं. आणि या गृहस्थाचे उपकार मी मान्य करतो, ते उभे राहिले. बनियनमध्ये, हात मागे बांधून, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे.

बायको पहिल्याजवळ आली. हे वकील. बराच वेळ श्वास घेतला. "काही कळत नाही... काहीतरी पावडरसारखं? नाही. सांगता येत नाही."

वकीलसाहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

दुसरा प्लंबर. "इथं नुसतं गार लागतंय."

"नस वेगळी," ताई पुटपुटली.

मग ती माझ्यासमोर आली. मी श्वास रोखून उभा. का कोण जाणे, माझ्या मनात आलं, ओळखलं नाही तर? इतक्या वर्षांचा संसार, आणि मी फोटोतलाच राहिलो तर? तिने मान जरा पुढे केली. एक श्वास. आणखी एक.

"हे आमचे," ती म्हणाली.

"एकदा जमलं तो योगायोग!" ताईने आमच्या जागा बदलल्या. मला पहिला केला. कोणाला खोकायचीही परवानगी नव्हती.

"हेच," बायको लगेच म्हणाली. "दुसरं कोणाचं असणार? जुन्या वर्तमानपत्रांचं आणि घामाचं. अगदी बारीक येतंय, लांबून रेडिओ लागावा तसं. पण येतंय, ताई. येतंय!"

आणि मग ताई, जिने वर्गात कधी कोणाला शंभरपैकी शंभर दिले नाहीत, तिने पदर डोळ्यांना लावला. मेंथॉल झोंबलं, म्हणाली. "त्या बाटल्यांनीच केलंय हे. इतके महिने हुंगत होतीस, ते मुरत होतं. रोज चालू ठेव आता. आणि तुम्ही," माझ्याकडे वळून, "तुमच्या पुड्यांचा यात काडीचाही वाटा नाही!"

"नसू दे," मी म्हणालो. इतकं खरं मी फार दिवसांत बोललो नव्हतो.

लोक टाळ्या वाजवत होते. खालची आजी चष्मा लावून विचारत होती, "आग कुठे लागली?" मला एकदम भरून आलं. ज्यांची उभ्या जन्मात मी टवाळी केली असती अशी ही माणसं, टॉवेलात, बनियनमध्ये, सुजल्या डोळ्यांनी, माझ्या बायकोचं नाक परत आलं म्हणून रस्त्यावर टाळ्या वाजवत होती! मी पायरीवर चढलो. घसा साफ केला. म्हटलं आज मनापासून बोलायचं, एकही टोमणा न मारता.

"मित्रहो," मी सुरुवात केली, "डॉक्टर, ताई, प्लंबर, शिंपी, आणि हो, वकीलसाहेब! आज तुम्हा सगळ्यांपुढे कृतज्ञतेने हात जोडून, दोन्ही हात असे उंच करून..."

बायकोने डोळ्यांवरची पट्टी काढली आणि खालून माझा सदरा ओढला.

"अहो, हात खाली करा आधी. आणि आंघोळ करून घ्या ना. साबण लावून."